बारा तासांची बाई ठेवायची की चोवीस तासांची? त्याआधी आईंना काय जड जातंय ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा: आई ७९ वर्षांच्या, एकट्या राहतात. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाऊन परतताना पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता न आल्यामुळे बराच वेळ जमिनीवरच होत्या. मुलं दुसऱ्या गावी. आईंना घर सोडायचं नाही आणि घरात परकं माणूसही नको आहे. घरपोच सेवा देणाऱ्या संस्था आता भरपूर झाल्यात. कोणी बारा तासांची बाई देतं, कोणी चोवीस तासांची, कोणी गळ्यात घालायचं, मदत हवी असेल तेव्हा दाबायचं बटण विकतं. यातलं काय घ्यावं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वयस्कर माणसांच्या घराची पाहणी करायची आणि तिथं काय बदलायचं, कोणती मदत लावायची ते ठरवायचं, हे माझं रोजचं काम. "बारा की चोवीस" हा प्रश्न बहुतेक घरांत पहिलाच येतो, कारण संस्था सेवा तासांवर विकतात. गरज मात्र तासांवर ठरत नाही. कोणतं काम, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशामुळे अडतंय यावर ती ठरते. तुमच्या आई रात्री पडल्या. सकाळी आठ ते रात्री आठ घरात बसलेली बाई त्या पडण्याला काहीच करू शकली नसती.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत आणि उत्तर त्यांच्यावरच अवलंबून आहे. आईंची स्मृती कशी आहे, त्या नेमक्या का पडल्या, आणि हाक मारल्यावर दहा मिनिटांत पोचेल असं कोणी जवळ राहतं का. पुढचं सगळं मी असं धरून लिहितेय की स्मृती ठीक आहे आणि मदत लागली तर त्या ती मागू शकतात. तसं नसेल तर उत्तर बदलतं. ते शेवटाकडे सांगते.

या क्षेत्राकडे एवढी गर्दी का झाली हेही समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० मध्ये जगातली दर सहा माणसांमागे एक साठीची किंवा त्यापुढची असेल आणि २०५० पर्यंत ऐंशीच्या पुढच्यांची संख्या सुमारे ४२.६ कोटींवर जाईल. त्यातल्या बहुतेकांना स्वतःच्याच घरात राहायचं असतं, त्यामुळे मागणी वाढणारच. पण या मागणीला बाजाराने दिलेलं उत्तर म्हणजे बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ: एक माणूस, इतके तास. ते विकायला सोपं आहे. घराची पाहणी, दुरुस्ती, औषधांची फेरतपासणी, पायांत ताकद आणणारा व्यायाम, हे सगळं आधी लागतं आणि ते तासांच्या दरात बसत नाही.

म्हणून सुरुवात कागद-पेनाने करा. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामांची यादी आम्ही अजून वापरतो: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्याला घर चालवण्याच्या कामांची जोड दिली: फोन, खरेदी, स्वयंपाक, साफसफाई, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. एकटं राहणाऱ्या माणसाची घडी आधी विस्कटते ती या दुसऱ्या यादीत. पहिल्या यादीत सहसा अंघोळ सगळ्यात आधी जड होते आणि हाताने जेवणं सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं.

प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा. एकट्या करतात, कशाबशा करतात की करतच नाहीत. अडचण कोणत्या वेळी येते. आणि का येते. यातलं "का" सगळ्यात महत्त्वाचं. अंघोळ टाळली जाते त्याला घसरण्याची भीती हे कारण असू शकतं, किंवा खांदा वर जात नाही हे, किंवा तेवढा वेळ उभं राहवत नाही हे. पहिल्याला दांडी आणि न घसरणारी फरशी लागते, दुसऱ्याला लांब दांड्याचा ब्रश आणि खांद्याचे उपचार, तिसऱ्याला बसायचं स्टूल. तिघांपैकी एकालाही बारा तासांची बाई लागत नाही. आणि ही माहिती विचारून मिळत नाही. "अंघोळ जमते ना?" म्हटलं की उत्तर "हो" असंच येतं. दोन दिवस घरी राहा आणि पाहा: खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात का, चालताना कपाटाला-भिंतीला धरतात का, चहाचा कप टेबलापर्यंत कसा नेतात. भिंतीवर हाताच्या उंचीला मळकट पट्टा उमटला असेल तर आधार कुठे हवाय ते भिंतीनेच सांगितलंय.

आता पडण्याचं कारण. "पाय घसरला" एवढ्यावर थांबू नका. रात्री अंथरुणातून उठल्यावर पडणाऱ्यांत मी पहिला संशय रक्तदाबावर घेते. पाच मिनिटं आडवं झोपवून दाब मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावर मेंदूकडे रक्त कमी पडतंय. हे मोजताना शेजारी कोणीतरी उभं असू द्या. असा उतार आढळला तर तीनही नोंदी डॉक्टरांना दाखवा. दाबाच्या, लघवीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या, हे सगळं यात भर घालतं. सर्दीसाठी घेतली जाणारी जुन्या पद्धतीची, झोप आणणारी अ‍ॅलर्जीची गोळीसुद्धा म्हाताऱ्या माणसाला तोल जाईल इतकी सुस्त करू शकते. घरातली सगळी औषधं, सुटी पानं आणि न विचारता घेतलेल्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि प्रत्येक गोळीबद्दल "ही अजून लागते का?" असं विचारा. झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ती हळूहळू उतरवावी लागते.

पायांची ताकद आणि तोल मोजायला दोन सोप्या चाचण्या आहेत. पहिलीत खुर्चीतून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चालायचं. दुसरीत हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा खुर्चीतून पूर्ण उठून बसायचं. ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी वेळा जमलं तर पाय कमजोर आहेत. हे आकडे जपून ठेवा. तीन महिन्यांनी तेच पुन्हा मोजायचे आहेत. लावलेल्या मदतीने आई सावरताहेत की आणखी परावलंबी होताहेत, हे त्यावरून कळेल.

यानंतर बाथरूम. पैसे आणि वेळ कुठे घालायचा असं कोणी विचारलं तर मी आधी इथेच बोट दाखवते.

आधाराची दांडी म्हणजे टॉवेल अडकवायची दांडी नव्हे. टॉवेलची दांडी माणसाच्या वजनासाठी बनलेली नसते. काचेला किंवा टाइलला चिकटणाऱ्या सक्शनच्या दांड्याही नकोत. पकड कधी सुटली ते कळत नाही आणि कळतं ते नेमकं वजन टाकल्यावर. दांडी ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीची, खरबरीत पकडीची घ्या. भिंतीपासून अंतर सुमारे ३८ मिलिमीटर असावं. जास्त ठेवलं तर हात सटकून पूर्ण कोपर आत जातं आणि पडताना हाड मोडतं. उंचीसाठी इमारतींच्या नियमांत ८४ ते ९१ सेंटिमीटर असा आकडा असतो, पण तो सगळ्यांसाठीचा. घरात एकाच माणसासाठी बसवताय, तर आईंना कमोडवर बसवा, उठायला सांगा आणि हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. ती खूण आकड्यापेक्षा जास्त खरी.

बसवणाऱ्या कारागिरालाही नीट सांगावं लागतं. स्क्रू टाइल आणि प्लास्टरच्या पलीकडे विटेत किंवा काँक्रीटमध्ये पुरेसा खोल गेला पाहिजे. नुसत्या टाइलमध्ये अडकलेली दांडी काही दिवस ठाम वाटते आणि मग टाइलसकट बाहेर येते. भोक टाइलच्या कडेपासून लांब हवं, नाहीतर तडा जातो. पोकळ ब्लॉकची किंवा पातळ पार्टिशनची भिंत असेल तर साधा प्लग चालत नाही. आतून लाकडी किंवा धातूची पट्टी द्यावी लागते, नाहीतर जमिनीपासून छतापर्यंत जाणारा खांब लावावा लागतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि भोवती सिलिकॉन, म्हणजे पाणी आत जाऊन गंज धरणार नाही. काम झाल्यावर घरातल्या सर्वात वजनदार माणसाने दांडीला धरून पूर्ण भार टाकून ओढून पाहायचं. आईंनी पहिल्यांदा धरायच्या आधी.

दांड्या किती? मी सहसा तीन सुचवते: कमोडच्या बाजूला एक, अंघोळीच्या जागी बसल्यावर हाताला येईल अशी एक, आणि आत शिरताना धरायला दाराजवळ एक उभी. तिसरी लोक विसरतात, आणि ओल्या पायांनी उंबरा ओलांडताना तीच लागते. कमोडची बैठक जमिनीपासून ४३ ते ४८ सेंटिमीटर असली की उठणं सोपं जातं. कमी असेल तर वरून बसवायचं उंच सीट मिळतं, पण क्लॅम्पने घट्ट आवळलं जाणारंच घ्या. नुसतं वर ठेवलेलं सीट बसताना तिरकं होतं.

अंघोळ बसून. हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. पायांना रबरी टोपणं असलेलं, उंची कमी-जास्त करता येणारं, हात असलेलं स्टूल घ्या, आणि हातात धरायचा शॉवर. गरम पाण्याचा गिझर ४९ अंशांवर ठेवा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत खोलवर भाजतं, आणि मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय आपोआप मागे घेतला जात नाही. दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेला माणूस बहुतेक वेळा दाराला लागून असतो. दार आत उघडणारं असलं की मदतीला आलेल्याला ते ढकलताही येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी असावी. हा बदल स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी केला जातो.

पलंगापासून कमोडपर्यंतचा रस्ता रात्रीच्या अंधारात तुम्ही स्वतः एकदा चालून पाहा. हालचाल ओळखून लागणारे, गुडघ्याखाली बसवलेले मंद दिवे तीन ठिकाणी: पलंगाखाली, वाटेत, बाथरूमच्या दाराशी. वर लावलेला एक झगझगीत दिवा उलट त्रास देतो, कारण म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला वेळ लागतो. वाटेतलं पायपुसणं, सैल गालिचा, वायर काढून टाका. "चिकटवून ठेवू" म्हणू नका, कडा पुन्हा उचलतात. उठल्यावर पलंगाच्या काठावर मिनिट-दोन मिनिटं बसून पावलं वर-खाली हलवायची, मगच उभं राहायचं. चपला टाच बंद असलेल्या, पातळ आणि कडक तळाच्या. नुसते मोजे घालून फरशीवर चालायचं नाही. रात्री तीन-चार वेळा उठावं लागत असेल तर पाणी पिणं कमी करण्याआधी ते दिवसाच्या पहिल्या भागात जास्त प्यायला सांगा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून बदलता येते का ते विचारा. तरीही अडचण असेल तर पलंगाशेजारी रात्रीपुरती कमोड-खुर्ची ठेवण्यात कमीपणा नाही.

पलंग आणि नेहमीची खुर्ची यांची उंची अशी, की बसल्यावर पाऊल पूर्ण टेकतं आणि मांडी गुडघ्यापेक्षा खाली जात नाही. खोल, मऊ सोफा म्हाताऱ्या माणसाला कैद करतो. तो फेकू नका, पाहुण्यांना ठेवा. काठी वापरत असतील तर सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर तिची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात. बरीच माणसं दुखऱ्याच बाजूला धरतात आणि कोणी टोकत नाही.

घर बदललं तरी पाय तेच राहतात. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला ओटागो व्यायामक्रम याच वयोगटासाठी आहे: आठवड्यातून तीनदा सुमारे अर्धा तास पायांची ताकद आणि तोलाचे व्यायाम, आणि दोनदा चालणं. त्यावर झालेल्या अभ्यासांत पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. नुसत्या चालण्याने तेवढं साधत नाही, तोलाचा व्यायाम लागतोच. फिजिओथेरपिस्टला रोज मालिश-शेक करायला बोलावू नका. काही भेटींत क्रम बसवून द्यायला, पुढे अधूनमधून वाढवून द्यायला बोलवा, आणि "पडल्यावर जमिनीवरून कसं उठायचं" हे शिकवायला नक्की सांगा: कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग हात-गुडघ्यांवर, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत, हात खुर्चीवर, मजबूत पाय पुढे टेकवून वर. पडल्याने काही मोडलं नाही तरी तासाहून जास्त वेळ जमिनीवर राहिल्याने स्नायू चेपून किडनीवर ताण येतो, कातडी दबून जखमा होतात, शरीरातलं पाणी कमी होतं. तुमच्या आईंच्या बाबतीत पडण्याइतकाच उठता न येण्याचा प्रश्न मोठा आहे.

म्हणून ते गळ्यातलं किंवा मनगटाचं बटण घ्या. पण घेताना विक्रेत्याला हे विचारा: दाबल्यावर पहिला फोन कुणाला जातो? तो उचलला नाही तर पुढे कुणाला? घराची किल्ली कुणाकडे? वीज आणि इंटरनेट गेल्यावर किती वेळ चालतं? पाण्यात चालतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर घेऊ नका, कारण ते अंघोळीच्या वेळी काढून ठेवलं जाईल. आपोआप पडणं ओळखणारी यंत्रं धाडकन पडलेलं ओळखतात. भिंतीला घासत हळूच खाली बसलेलं माणूस त्यांच्या नजरेतून सुटू शकतं. महिन्यातून एकदा खरोखर बटण दाबून चाचणी घ्या. किल्लीसाठी बाहेर आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी लावा. कामाचं माणूस बदललं की आकडा बदला. कॅमेरा मी सहसा सुचवत नाही, बेडरूम आणि बाथरूममध्ये तर कधीच नाही. "सकाळी अकरापर्यंत बाथरूमचं दार उघडलं नाही तर मुलीला संदेश" एवढं करणारा दाराचा सेन्सर पुष्कळदा पुरतो, आणि त्यात कोणी आपल्याकडे टक लावून बसलंय असं वाटत नाही. जे काही लावाल ते आईंना सांगून, त्यांच्या संमतीने.

इथपर्यंत आलं की यादी पुन्हा काढा. डॉक्टर, दांड्या, दिवे, व्यायाम, बटण हे झाल्यावर "कशाबशा करतात" मधली बरीच कामं "एकट्या करतात" मध्ये सरकलेली दिसतील. उरलेल्या कामांसाठी माणूस लावायचा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घडवलेला केपेबल नावाचा कार्यक्रम याच क्रमाने चालतो: काही महिन्यांत ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सहा, नर्सच्या चार भेटी, आणि घरातल्या दुरुस्त्यांसाठी एक कारागीर. तिथे "तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय?" हा प्रश्न म्हाताऱ्या माणसालाच विचारतात. डेन्मार्कच्या फ्रेडरिसिया नगरपालिकेने २००८ मध्ये घरकामाची मदत मागणाऱ्यांना थेट मदतनीस देण्याऐवजी आधी ते काम पुन्हा करायला शिकवण्याचा मार्ग धरला, आणि पुढे त्या देशाच्या कायद्यातही तो आला. कारण साधं आहे. बसल्या जागी सगळं हातात मिळालं की पाय वापरात राहत नाहीत, आणि मग खरंच चोवीस तासांचं माणूस लागतं.

माणूस लावताना कामांचा कागद लिहून द्या, तासांचा नको. उदाहरणार्थ: आठवड्यातून तीन दिवस अंघोळीच्या वेळी ४५ मिनिटं, पाठ आणि पाय धुवायला मदत, बाकी आई स्वतः करतील, बाई दाराबाहेर हाकेच्या अंतरावर. पंधरा मिनिटांत अंघोळ उरकणारी भेट घेऊ नका, घाईतच घसरतात. आठवड्यातून दोनदा खरेदीला सोबत; आईंच्या ऐवजी नव्हे, आईंबरोबर. भाज्या चिरणं आणि जड भांडी उचलणं बाईकडे, स्वयंपाक आईंकडे. असा कागद नसला की कामसू बाई सगळं आपल्या हाती घेते आणि कामचुकार बाई टीव्हीसमोर बसते. दोन्हींत आईंचं नुकसानच आहे.

काही सेवा लोकांच्या ध्यानातच येत नाहीत. पायांची नखं कापणं ही त्यातली पहिली. वाकता येत नाही, दिसत नाही, नखं वाढतात, चप्पल टोचते, चाल बदलते. मधुमेह असेल तर हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. दवाखान्यात सोबत जाऊन डॉक्टरांनी सांगितलेलं लिहून आणणारा माणूस, बिलं आणि कागदपत्रं पाहणारा माणूस, आठवड्यातून एकदा नुसतं बोलायला येणारा माणूस, या सगळ्या वेगवेगळ्या सेवा आहेत आणि त्यांना एकच बारा तासांची बाई लागत नाही.

संस्थेला किंवा ब्युरोला विचारायचे प्रश्न: ओळखीची पडताळणी तुम्ही केलीय की माणसाने आणून दिलेला कागद ठेवून घेतलाय? ठरलेली बाई आली नाही तर किती वेळात दुसरी, आणि तिला आमचा कामांचा कागद कोण समजावणार? महिन्याभरात किती वेगवेगळी माणसं येतील? (दर आठवड्याला नवा चेहरा, हे सेवा फसण्याचं मला दिसलेलं सगळ्यात नेहमीचं कारण.) पलंगावरून उठवण्याचं प्रशिक्षण दिलंय का? हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा. काखेत हात घालून ओढणारी व्यक्ती खांदा निखळवते; नीट शिकलेली आधी पाय मागे घ्यायला लावते, पुढे झुकायला सांगते आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरून आधार देते. आणि शेवटी: मधल्या दिवसांत सेवा कमी करायची असेल तर चालते का? जी संस्था तास वाढवायला तयार पण कमी करायला नाही, तिच्याशी करार जपून.

औषधांबाबत मदतनिसाने आठवण करायची, निर्णय घ्यायचा नाही. सात दिवसांची, दिवसाला चार कप्पे असलेली डबी आठवड्यातून एकदा घरच्या माणसाने किंवा औषध दुकानदाराने भरावी. ओल लागू नये म्हणून पाकिटातच ठेवायच्या गोळ्या डबीत टाकू नका. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट गोळी घरात असेल तर ती वेगळी ठेवा आणि तिच्यावर वार लिहा; चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते.

पैशांचा नियमही पहिल्याच दिवशी: कार्ड, पिन, ओटीपी कुणालाही नाही. खरेदीसाठी ठरावीक छोटी रोख रक्कम एका पाकिटात आणि त्यातच बिलं. हा नियम मदतनिसावरचा अविश्वास म्हणून मांडू नका. उद्या काही हरवलं तर प्रामाणिक बाईवर नाव येऊ नये म्हणूनही तो आहे.

आईंच्या "परकं माणूस नको" याला हट्ट समजू नका. त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: अंगाला परक्याचा हात लागण्याचा संकोच, स्वयंपाकघरावरचा हक्क जाण्याची धास्ती, आणि आज बाई आली म्हणजे उद्या घर सुटेल ही भीती. तिसरीवर तुम्हीच स्पष्ट बोला, की ही मदत घरात राहता यावं म्हणून आहे. सुरुवात अंघोळीपासून करू नका. साफसफाई किंवा बाहेर सोबत यापासून करा, एका महिन्याच्या बोलीवर, आणि दोन-तीन जणींना भेटून निवड आईंनी करू द्या. "नको" म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहिला की "हो" लवकर येतं.

आता चोवीस तास. तशी सोबत खरंच लागते अशा वेळा आहेत. गॅस सुरू ठेवून विसरणं पुन्हा पुन्हा घडतंय. घराबाहेर पडून वाट चुकतेय. बटण गळ्यात आहे पण ते कशासाठी आहे हे आठवत नाही. रात्री दोन-तीनदा उठवून बसवल्याशिवाय भागत नाही. उभं करायला दोन माणसं लागतात. यातलं एक जरी नक्की असेल तर वरची सगळी बचत विसरा. आणि चोवीस तास म्हणजे एकच बाई घरात राहणार असं धरू नका. रात्री तीनदा उठणारी बाई दिवसा जागी राहू शकत नाही. दोन पाळ्या लागतात, आठवड्याची सुट्टी धरून तिसरं माणूस लागतं. ते जमत नसेल तर एकत्र राहणं किंवा निवासी केंद्र यावर आईंशी आत्ताच बोला, पुढच्या पडण्यानंतर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नको.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून मला आजच्या घडीला यातलं काही दिसत नाही. या आठवड्यात रक्तदाबाच्या तीन नोंदी, औषधांची पिशवी, रात्रीचे दिवे आणि बटण. पुढच्या दोन आठवड्यांत दांड्या, स्टूल, दाराची कडी आणि फिजिओथेरपिस्टची पहिली भेट. मग आठवड्यातून तीन सकाळी बाई. तीन महिन्यांनी चाचण्यांचे आकडे आणि कामांची यादी पुन्हा पाहा. मधल्या काळात हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं, वजन सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी उतरलं किंवा आई पुन्हा पडल्या, तर तीन महिने थांबू नका. स्मृतीबद्दल थोडीही शंका असेल तर इथे लिहा; त्या घरासाठी कागद वेगळा करावा लागेल.